एक पूर्णांक आठ दशांश

बेल फोर्क, नेब्रास्का
रविवार, २० ऑक्टोबर १९७४

प्रिय मेहुण्या,

बस चालवणाऱ्या ऑटोने हा फिल्मचा डबा तुझ्या हातात दिला असेल, आणि आत फिल्मशेजारी माझं पत्र बघून तू चष्मा पुसून घेतला असशील. हो, मीच लिहितोय. तुझ्या बहिणीशी लग्न करून सव्वीस वर्षं झाली. त्यातली पंचवीस तू मला न मागता फुटबॉलच्या बचावावर व्याख्यानं पाठवलीस. आज पहिल्यांदा मी स्वतःहून मागवतोय. तारीख लिहून ठेव.

परिस्थिती अशी आहे. सातपैकी चार सामने जिंकलो, तीन हरलो. दोन उरलेत. शेवटचा १ नोव्हेंबरला दुपारी दोनला, आमच्याच मैदानावर, सँड ड्रॉ गावाशी. सँड ड्रॉ दोन वर्षांत कुणाकडून हरलेलं नाही. गेल्या वर्षी त्यांनी आम्हाला अडुसष्ट गुणांनी धुतलं होतं. काल आमच्या शाळा मंडळाचे अध्यक्ष ऑर्विल स्टॅक पशुखाद्याच्या दुकानात भेटले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "वॉल्ट, पुढच्या महिन्यात अकरा तारखेला मंडळ बसतंय. जिंका असं कोण म्हणतंय? पण गावाला तोंड दाखवता येईल इतपत तरी हरा." तुला माहीत आहे, इथे प्रशिक्षकाची खुर्ची गेली की सुतारकामाच्या वर्गाची नोकरीही जाते. दोन्ही एकाच कागदावर आहेत. मग लिडियाचे गाण्याचे विद्यार्थी, चर्चमधली गायकमंडळी, सगळं इथेच सोडून आम्हाला उठावं लागेल.

सँड ड्रॉच्या प्रशिक्षकाने रिवाजाप्रमाणे आपल्या दोन सामन्यांची फिल्म पाठवली, मी आमची पाठवली. त्यांच्याकडून चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक डेनी म्हणून एक लांबुडका पोरगा आहे. हात असा की चेंडू शेजारच्या जिल्ह्यात फेकेल. माझं मत तुला ठाऊक आहे. मैदानात आपली आठ पोरं. चौघांना थेट त्याच्या अंगावर सोडायचं. ज्या हाताने चेंडू फेकायचा तो हातच धरला, तर मागे राखण करत कशाला बसायचं? आमचे चढाईचे गडी सरावात उभ्या केलेल्या पोत्यापर्यंत अडीच सेकंदांत पोचतात. घड्याळ लावून मोजलंय, तू विचारणारच म्हणून.

फिल्म बघ आणि काय ते सांग. व्याख्यान एका पानात बसव.

तुझा,
वॉल्ट


हार्टविक
बुधवार, २३ ऑक्टोबर १९७४

प्रिय वॉल्ट,

तुझ्या पत्रात दोन चुका आहेत. तुमचं लग्न १२ जून १९४७ला झालं, म्हणजे सव्वीस नव्हे, सत्तावीस वर्षं. लिडियाला हे पत्र वाचायला देऊ नकोस. दुसरी, गेल्या वर्षीचा फरक अडुसष्टचा नव्हता. सँड ड्रॉचे अडुसष्ट, तुमचे सहा, म्हणजे बासष्ट. स्वतःचे सहा गुण विसरणारा प्रशिक्षक मी प्रथमच पाहिला.

आता कामाचं. साखर कारखान्यात हंगाम ऐन भरात आहे, बीटच्या ट्रकांची रांग फाटकाबाहेर मैलभर गेलीय, आणि बॉयलरखान्यातून मी संध्याकाळी सहाला सुटतो. तरीही दोन संध्याकाळी स्वयंपाकघराच्या भिंतीवर तुझी फिल्म अकरा वेळा पाहिली. प्रोजेक्टर चर्चने टाकून दिलेला आहे, पण मी तो तीनदा उघडून जोडलाय. सेकंदाला चोवीस चौकटी, एक कमी नाही की जास्त नाही. हे मी कुठल्या महाविद्यालयात शिकलो नाही, म्हणून ते खरं आहे.

डेनीच्या एकतीस फेकी आहेत. चेंडू त्याच्या हातात पडल्यापासून सुटेपर्यंतचा वेळ मी प्रत्येकीचा तीनदा मोजला. सर्वांत कमी एक पूर्णांक चार दशांश सेकंद, सर्वांत जास्त दोन पूर्णांक तीन. सरासरी एक पूर्णांक आठ दशांश. तुझे वीर अडीच सेकंदांत पोचतात. म्हणजे ते पोचतात तेव्हा चेंडू हवेत असतो आणि ते रिकाम्या माणसाला मिठी मारतात. मिठीला गुण नसतात.

तेव्हा दोघांना पुढे पाठव, केवळ दाखवायला. सहा जण मागे राखणीला ठेव, प्रत्येक पळणाऱ्याच्या खिशात एक. फेकायला मोकळा माणूसच दिसला नाही की हात कितीही लांब असो, डेनी चेंडू छातीशी धरून उभा राहील. १९४०च्या ऑक्टोबरात आपण शाळेकडून खेळताना तू त्या उंच पोराला पकडून वर्तमानपत्रात नाव छापून आणलंस, तेव्हाही हेच झालं होतं. मागे मी दोघांना झाकून ठेवलं होतं म्हणून तो थांबला, आणि थांबला म्हणून तुला सापडला. चौतीस वर्षं मी हे सांगतोय.

रेनहोल्ड

ता. क. एका पानात बसलं नाही. विषयाचा दोष.


बेल फोर्क
शनिवार, २६ ऑक्टोबर १९७४

प्रिय मेहुण्या,

काल जिंकलो. चढाईने जिंकलो, सांगून ठेवतो. आता पाच जिंकले, तीन हरले.

पण सँड ड्रॉची गोष्ट वेगळी आहे. तुला धाडण्याआधी मी ती फिल्म पोरांना दाखवली होती.  आमचा गस, एकशे नव्वद पौंडांचा, मळणीयंत्र एकटा ढकलणारा, हळूच म्हणाला, "सर, ही पोरं आहेत की हरणं?" दुसरा म्हणाला, "सर, त्या दिवशी माझ्या मावशीचं लग्न आहे." मी म्हटलं, "तुझ्या मावशीचं लग्न उन्हाळ्यात झालं, मी तिथे जेवलोय." गस दुपारी डबा अर्धा टाकून, पुडिंगला हातही न लावता उठला. आमच्या शाळेच्या इतिहासात हे पहिल्यांदा घडलं.

त्यामुळे तुझा एक पूर्णांक आठ दशांश मला पटला. पटला म्हणजे गिळला. सोमवारपासून दोघं पुढे, सहा मागे. आयुष्यभर मी पोरांना "जा, धरा" म्हणत आलो, आता "थांबा, बघा" म्हणायचंय. जीभ वळत नाही. १९४०बद्दल मात्र एक अक्षर मान्य नाही. तो पोरगा थांबला होता कारण त्याने मला येताना पाहिलं.

तू धाडलेली फिल्म मिळाली. परत करण्यापूर्वी उद्या घरी चादरीवर एकदा लावतो.

वॉल्ट

ता. क. अकरा वेळा? तुला लग्न करायला अजून वेळ गेलेली नाही.


बेल फोर्क
सोमवार, २८ ऑक्टोबर १९७४

प्रिय रेनी,

वॉल्टने लिहिलेली 'सव्वीस वर्षं' मी वाचली. तुझ्या सूचनेआधीच वाचली होती. असो.

काल वॉल्टने जेवणाच्या खोलीत चादर टांगून ती फिल्म लावली. मी पलीकडे बीरॉकच्या पावांत कोबी आणि खिमा भरत होते. तुमची चढाई आणि तुमची राखण मला सारखीच कंटाळवाणी, म्हणून मी कधी बघत नाही. पण पूर्वार्ध संपता संपता त्यांचा बँड मैदानाच्या कडेने रांगेत येताना दिसला आणि माझा हात थांबला.

शाळेचा बँड मिनिटाला एकशेवीस पावलं चालतो. मी अठरा वर्षं पोरांना ताल मोजायलाच शिकवतेय, झोपेतही चुकणार नाही. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून त्यांची पावलं मोजली. वॉल्टला म्हटलं, "जरा मागे घे, त्यांचा ढोल बघायचाय," आणि पुन्हा मोजली. एकशेऐंशी. रेनी, ट्यूबासारखं अवजड पितळी वाद्य गळ्यात घालून मिनिटाला एकशेऐंशी पावलं चालेल असा पोरगा अजून नेब्रास्कात जन्मला नाही.

मला गणितातलं कळत नाही, ताल कळतो. बँड दीडपट पळतोय म्हणजे त्या फिल्मवरचं सगळंच दीडपट पळतंय, डेनीचा हातसुद्धा. प्रोजेक्टर तर तुझाही तेच दाखवतो आणि आमचाही. मग कॅमेऱ्यात काहीतरी आहे.

वॉल्टला मी अजून बोलले नाही. हिशोब तुझा आहे, तूच दुरुस्त केलेला बरा. बाराव्या वर्षी शेजाऱ्यांचा पंप उलटा जोडून तू दोन दिवस माळ्यावर लपला होतास, ते मी विसरलेले नाही. गुरुवारपर्यंत तुझं पत्र आलं नाही तर मात्र मी सांगणार. मला हे गाव सोडायचं नाहीये.

तुझी,
लिडिया

ता. क. बीरॉक सहा पाठवतेय. ऑटोने वाटेत एक खाल्ला तर पाच.


हार्टविक
मंगळवार, २९ ऑक्टोबर १९७४

प्रिय वॉल्ट,

शुक्रवारच्या सामन्याबाबत काही नव्या बाबी विचारात घेऊन मी माझ्या शिफारशीत थोडा फेरबदल करत आहे.

एक तर या दिवसांत तुमच्याकडे वायव्येकडून वारा असतो. वाऱ्याविरुद्ध फेकणारा हात क्षणभर जास्त मागे जातो. दुसरं, तुमच्या मैदानावरचं गवत आता वाळलंय, त्यावर चढाई करणाऱ्याचा पाय चांगला रोवतो. या सर्वांचा एकत्रित विचार करता दोनाऐवजी चार जण पुढे पाठवायला माझी हरकत राहिलेली नाही. किंबहुना चारच पाठवावेत.

लिडियाला सांग, पत्र पोचलं. बीरॉक चार पोचले.

रेनहोल्ड


बेल फोर्क
बुधवार, ३० ऑक्टोबर १९७४

प्रिय रेनहोल्ड,

तुझं पत्र मी सुताराच्या बाकावर बसून दोनदा वाचलं.

मला वाटतं मला कळलंय. लिडियाने तुला सोमवारी पत्र टाकलं. ती माझ्या नोकरीबद्दल, घराबद्दल रडली असणार. आणि तुझ्या मनात आलं, बिचारा वॉल्ट, कदाचित त्याचा शेवटचा सामना, खेळू दे त्याला त्याच्या मनासारखं. चढाई करत हरला तर निदान आनंदाने हरेल.

अरे, सत्तावीस वर्षांत तू एक इंच सरकला नाहीस. स्वतःच्या बापाच्या अंत्यविधीला आलेल्या पाद्र्याला तू मागच्या फळीचं महत्त्व समजावत होतास. आणि आज वाऱ्यामुळे सरकलास? वाळक्या गवतामुळे? इतकं वाईट खोटं फक्त प्रामाणिक माणूसच बोलू शकतो. मला ते लागलं, खरं सांगतो. पण दया नको. तू एकतीस फेकी त्र्याण्णव वेळा मोजल्यास, मी त्या आकड्यावर विश्वास ठेवला, पोरांकडून तीन दिवस तेच करून घेतलं. आता बदल नाही. दोन पुढे, सहा मागे. लिडियाने विचारलं, "रेनीचं पत्र आलं ना? सांगितलं ना त्याने?" मी म्हटलं, "सांगितलं." तिला वाईट वाटायला नको.

तुझा,
वॉल्ट


हार्टविक
गुरुवार, ३१ ऑक्टोबर १९७४

वॉल्ट,

मी चुकलो.

हे दोन शब्द लिहायला मला पाऊण तास लागला. लिडिया रडली नव्हती, तिने बँडची पावलं मोजली होती. मिनिटाला एकशेऐंशी दिसतात, ती एकशेवीस असायला हवीत. मंगळवारी मी कारखान्याच्या कारकुनाला सँड ड्रॉच्या प्रशिक्षकाला फोन करायला लावला. (बॉयलरखान्यात कान गेल्यापासून फोनवर मला नुसता घरघराट ऐकू येतो.) तो माणूस हसला म्हणे. ते वर्षानुवर्षं कॅमेरा सेकंदाला सोळा चौकटींवर फिरवतात. त्यामुळे एका रिळात दीडपट सामना मावतो. सोळावर टिपलेलं चोवीसवर दाखवलं की सगळं दीडपट धावतं. मी माझा प्रोजेक्टर तीनदा तपासला. त्यांचा कॅमेरा कुणी तपासला नाही, आणि तो प्रश्नही माझ्या मनात आला नाही, कारण आलेला आकडा मला आवडला होता. माझ्या बाजूचा होता ना.

मंगळवारी मला हे सगळं माहीत होतं. वारा आणि गवत मी माझं नाक वाचवायला लिहिलं. तू त्याला दया समजलास. वॉल्ट, माझ्यात तेवढा चांगुलपणा नाही.

खरा आकडा असा: एक पूर्णांक आठची दीडपट, दोन पूर्णांक सात दशांश. तुझी पोरं अडीचला पोचतात. दोन दशांश सेकंद उरतात. तेवढ्यात माणसाचा दंड नीट धरता येतो. चौघांना सोड. आणि पोरांना सांग, सँड ड्रॉची पोरं हरणं नाहीत. चारचौघांसारखी आहेत, फक्त त्यांचा कॅमेरा चिक्कू आहे.

कारकुनाच्या तोंडून हे तुला कळवावं असं वाटलं नाही. तेही नाकच. ऑटो उद्या एकला इथून निघतो, तीनला तुमच्याकडे. तोवर सामना सुरू झालेला असेल. त्याला बजावलंय की डबा नेहमीसारखा दुकानात ठेवायचा नाही, थेट मैदानावर आणून तुझ्या हातात द्यायचा.

रेनहोल्ड


बेल फोर्क
शनिवार, २ नोव्हेंबर १९७४

प्रिय मेहुण्या,

ऑटो प्रवाशांनी भरलेली बस मैदानाच्या कुंपणाला लावून आत आला. प्रवाशांनी उतरून बाकड्यांवर जागा धरली, कुणाची तक्रार नाही. मध्यंतर होतं. तोवर सँड ड्रॉ तीस, आम्ही शून्य. सहाच्या सहा जण मागे आज्ञाधारकपणे उभे, आणि डेनी पुढे एकटा, निवांत, खिशातून कंगवा काढून भांग पाडेल इतका वेळ त्याला मिळत होता. एवढ्या वेळात कुणी ना कुणी मोकळा होणारच. मला तेव्हाच कुठेतरी खटकत होतं, पण आकडा तुझा होता.

अवजारांच्या खोलीत पोरं माना घालून बसली होती. मी तुझं पत्र आधी मनात वाचलं. मग मोठ्याने वाचलं. सगळं नाही, "मी चुकलो" पासून "चिक्कू आहे" पर्यंत. तुझं नाव सांगितलं. तू त्यांना माहीत आहेसच. दर सोमवारी ज्याचं पत्र वाचून सर कपाळाला हात लावतात ते हार्टविकचे काका.

 मग गस म्हणाला, "म्हणजे सर, ते आपल्यासारखेच आहेत?"

"तुझ्यापेक्षा हळू, गस."

"मग सर, फिल्म बघून मी पुडिंग का सोडलं?"

खोलीत जो हशा पिकला तो पार पलीकडच्या बाकांवर ऐकू गेला. स्टॅकसाहेबांना वाटलं आम्हाला वेड लागलं.

उत्तरार्धात चौघं सोडले. पहिल्याच फेकीला गसने डेनीला असा कवेत घेतला की चेंडू तिसरीकडेच गेला. एकूण सात वेळा धरला त्याला. शेवटी शेवटी तर तो चेंडू हातात यायच्या आधीच इकडेतिकडे बघायला लागला होता. आम्ही आठ, सोळा, चोवीस, बत्तीस.

आणि मग मी माती खाल्ली. दोन मिनिटं उरली होती, आम्ही दोनने पुढे. मला चढाईची नशा चढली. मी ओरडलो, "आठही जा!" आठही गेले. मागे चिटपाखरू नाही. डेनीने पडता पडता चेंडू नुसता वर उडवला, त्यांच्या एका पोराने तो झेलला आणि चालत, अक्षरशः चालत, जाऊन सहा गुण केले. छत्तीस-बत्तीस. हरलो.

आता हिशोब कर, तुला आवडतो. तुझी चूक तीस गुणांची, माझी सहाची. पण सामना गेला चार गुणांनी. म्हणजे तुझी तीस पोरांनी भरून काढली, माझी सहा कुणाला भरता आली नाही. मागे एक, फक्त एक गडी राखणीला असता तरी पुरला असता. हे वाक्य मी पुन्हा कधी लिहिणार नाही, तेव्हा पत्र जपून ठेव.

बातमी चांगली आहे. स्टॅकसाहेबांनी सगळ्यांसमोर हात मिळवला. "पोरं लढली, वॉल्ट," म्हणाले. सातपैकी चार मतं आपली, असं आतून कळलंय. मंडळाने पूर्वार्धाचं विचारलं तर पोरं बिचकली एवढंच सांगीन. फिल्मचं नाव काढायचं कारण नाही. तूही काढू नकोस.

तुझा,
वॉल्ट


हार्टविक
बुधवार, ६ नोव्हेंबर १९७४

बेल फोर्क शाळा मंडळास,

सन्माननीय सभासदहो,

१ नोव्हेंबरच्या सामन्याच्या पूर्वार्धात तुमच्या संघाविरुद्ध झालेले तीस गुण हे प्रशिक्षक श्री. क्रायलिंग यांचा दोष नसून संपूर्णपणे माझा आहे. मी येथील साखर कारखान्यात बॉयलर-जोडारी आहे. फुटबॉलच्या बचावाचा अभ्यास मी स्वतःच्या बळावर केला आहे. फिल्मचा वेग पडताळून न पाहता मी त्यांना चुकीचा आकडा पुरवला आणि त्यांनी तो माझ्यावरच्या विश्वासाने वापरला. सोबत एकतीस फेकींचा तक्ता, मूळ व दुरुस्त, जोडला आहे. उत्तरार्धातला खेळ मात्र सर्वस्वी त्यांचा.

हे आपल्या निर्णयापूर्वी आपणांस ज्ञात असावे, एवढीच विनंती.

आपला,
रेनहोल्ड हेसलर


बेल फोर्क
मंगळवार, १२ नोव्हेंबर १९७४

प्रिय रेनहोल्ड,

काल मंडळ बसलं. चार विरुद्ध तीन, माझ्या बाजूने तीन. मे महिन्यापर्यंत नोकरी आहे, पुढे नाही.

तुझं पत्र त्यांनी वाचलं, पण त्याने काही फरक पडला नाही. चार पराभव म्हणजे चार पराभव. तू मनाला लावून घेऊ नकोस. अक्षर सुंदर होतं, तक्ता तर सगळ्यांनी हातोहात फिरवून बघितला.

वॉल्ट


बेल फोर्क
बुधवार, १३ नोव्हेंबर १९७४

प्रिय रेनी,

वॉल्ट खोटं बोलला. मी ते तुला सांगू नये असं त्याने मला बजावलंय, पण सांगितलं नाही तर तू पुढचं पत्र गव्हर्नरला लिहिशील.

चार मतं त्याची होती. मग तुझं पत्र मोठ्याने वाचलं गेलं. दूधडेअरीचे म्हातारे फेन, जे आपल्या बाजूचे होते, ते उठून म्हणाले, "मला वाटलं होतं डाव आमचा प्रशिक्षक आखतो. साखर कारखान्यातून बसने येणाऱ्या डावाला पगार कशाला द्यायचा?" लोक हसले. वॉल्टला विचारलं, "हे खरं आहे का?" तो म्हणाला, "खरं आहे. आणि परत वेळ आली तर परत मागवीन." तिथे मत गेलं.

तू खरंच बोललास, रेनी. फक्त ज्याला सांगायचं त्याला दोन दिवस उशिरा सांगितलंस, आणि ज्यांना सांगायची गरज नव्हती त्यांना सभेच्या पाच दिवस आधी. मी रागावले होते. काल संध्याकाळपर्यंत होते. मग वॉल्ट म्हणाला, "या माणसाने माझ्यासाठी सात अनोळखी लोकांना 'मी चुकलो' लिहून दिलं. तुझ्या भावाने! मी ते फ्रेममध्ये लावणार." त्याने खरंच मंडळाकडून पत्र परत मागून आणलंय. अक्रोडाच्या लाकडाची चौकट करतोय.

माळ्यावर लपू नकोस. लिही.

लिडिया


बेल फोर्क
रविवार, ८ डिसेंबर १९७४

प्रिय मेहुण्या,

चार आठवडे तुझं पत्र नाही. काल ऑटो म्हणाला, "डबा नाही तर बस रिकामी वाटते." मला व्याख्यानाशिवाय सोमवार जात नाहीत. पोरं विचारतात, काका आजारी आहेत का.

भांडायचं नसेल तर निदान माझ्या तारखा तपास. आमचं लग्न १३ जूनला झालं.

वॉल्ट


हार्टविक
मंगळवार, १० डिसेंबर १९७४

१२ जून. गुरुवार होता. पाऊस नव्हता.

रेनहोल्ड


हार्टविक
रविवार, १६ फेब्रुवारी १९७५

प्रिय वॉल्ट,

सहज कळवतो. काल टपाल कचेरीत गेलो होतो, तिथल्या फलकावर आमच्या शाळेची नोटीस दिसली. सुतारकामाचे शिक्षक निवृत्त होत आहेत. शिवाय फुटबॉलच्या पुढच्या फळीला शिकवायला माणूस हवा आहे. मुख्य प्रशिक्षक नव्हे, हाताखालचा. तुझ्यासारख्याला ते कमीपणाचं वाटेल, म्हणून मी कुणाशी काही बोललेलो नाही. फक्त नोटीस उतरवून घेतली. अर्जाची मुदत १५ मार्च, पत्ता मागच्या बाजूला, लागणाऱ्या कागदांची यादी त्याच्या खाली.

माझ्या गल्लीत लिंडरांचं घर रिकामं आहे. बैठकीच्या खोलीचं दार अडतीस इंच रुंद आहे, लिडियाचा पियानो मावेल. तेही सहजच मोजलं.

रेनहोल्ड


बेल फोर्क
सोमवार, २ जून १९७५

प्रिय मेहुण्या,

सही करून कागद परत पाठवले. ऑगस्टपासून तुमच्या शाळेत सुतारकाम आणि पुढची फळी.

तुमचा प्रशिक्षक मोकळा माणूस आहे. म्हणाला, "मिस्टर हेसलर जानेवारीत चार वेळा आले, फेब्रुवारीत तीन वेळा. दर वेळी दारात टोपी हातात धरून उभे. म्हणायचे, माझी शिफारस धरू नका, माझ्या शिफारशीने त्या माणसाची एक नोकरी गेलीय, फक्त त्याच्या पोरांनी उत्तरार्धात काय केलं तेवढं बघा." मी विचारलं, "मग तुम्ही काय केलंत?" तो म्हणाला, "काय करणार? सातव्यांदा आल्यावर बघितलं." आणि तू मला लिहितोस, फलकावर सहज दिसलं. तुला खोटं बोलता येत नाही, हे मी तुला पूर्वीही लिहिलंय. प्रयत्न सोडून दे.

हाताखालचा म्हणून कमीपणा? मेहुण्या, वीस वर्षं गुरुवारची रात्र मी कधी धड झोपलो नाही. परवा सही केली आणि दुपारी दोन वाजता भर उन्हात गाढ झोपलो. लिडियाला वाटलं डॉक्टर बोलवावा. तिला सोडताना जड जातंय. काल चर्चमध्ये तिने शेवटचं गाणं बसवलं आणि सगळ्या बायका तालाबाहेर रडल्या. पण घरी येताना म्हणाली, "चल, निदान आता तुम्ही दोघं एकमेकांना पत्र न लिहिता भांडाल. मला मध्ये पडायला सोपं."

चौकट मी पुठ्ठ्यात गुंडाळलीय. नव्या घरात ती बैठकीच्या खोलीत लागेल, दारासमोर, येणाऱ्याला पहिली दिसेल अशी. तुला ती बघवत नसेल तर मागच्या दाराने ये.

या पत्राला उत्तर पाठवू नकोस. शनिवारी सकाळी ट्रक घेऊन ये. पियानो जड आहे.

तुझा,
वॉल्ट